रिकाम्या मैदानाचा कौल

मुलांनो, एका जंगलात कबड्डीचं भयंकर वेड होतं. जंगल कोणतं ते विचारू नका. नाव घेतलं की शेजारच्या जंगलातले प्राणी रुसतात.

या जंगलात दर माघात कबड्डीचे सामने सुरू होत आणि होळीच्या आधी संपत. जिंकणाऱ्याला ढाल मिळत नसे, हारही मिळत नसे. त्याला पाणी मिळत असे.

म्हणजे असं, की जंगलात उन्हाळ्यात एकच पाणवठा उरायचा. जो संघ जिंकेल त्याच्या जातीनं रोज सकाळी पहिलं पाणी प्यायचं. मग दुसऱ्या क्रमांकानं, मग तिसऱ्या. शेवटच्या क्रमांकाला जे मिळायचं त्याला पाणी म्हणायची पद्धत होती, इतकंच.

गेल्या वर्षी रानडुकरांचा दातेरी संघ जिंकला होता. रानडुकरं पाणी पितात कमी आणि त्यात लोळतात जास्त. ती उठून गेली की मागं उरे तो चिखल. भेकरांचा संघ शेवटचा आला होता. त्या उन्हाळ्यात तो चिखल पिऊन भेकरांची तीन पाडसं दगावली.

त्यातलं एक सगुणेचं होतं. सगुणा ही भेकर संघाची कप्तान. अंगानं बारीक, पायानं चपळ, आणि या वर्षी तिला पुन्हा एक पाडस झालं होतं. ती कोणाशी फार बोलत नसे. फक्त रोज पहाटे एकटी चढाईचा सराव करी.

आता या कबड्डीतली एक रीत सांगतो. ती नीट ऐका.

सामन्याचे पंच होते कासवअण्णा. वय एकशे बारा. त्यांना दिसायचं कमी आणि ऐकू यायचं उत्तम. चढाई करणाऱ्याचा दम तुटला, की तो जंगलाच्या त्या टोकाला तुटला तरी अण्णांना कळे. पण कोणी कोणाला शिवलं की नाही, हे त्यांना दिसत नसे.

त्यासाठी कौल होता. शंका आली की अण्णा उजवा पाय वर करत आणि प्रश्न विचारत. मैदानाभोवतीच्या उतारावर बसलेले सगळे प्राणी एका दमात उत्तर ओरडत. पाय वर असेपर्यंत ज्या नावाचा आवाज मोठा, त्या नावावर निकाल. पाय खाली टेकला की विषय संपला. मग वाघोबाही काही बोलत नसत.

रीत बरी होती. उतारावर हजार डोळे असत. त्यातले पाचपन्नास खोटं ओरडले तरी बाकीच्यांचा आवाज त्यांच्यावर चढे.

तर अशा या जंगलात त्याच वर्षी खोकला आला.

साधा खोकला नव्हता तो. एकानं खोकलं की बाजूच्या दहांना व्हायचा. धडधाकट सांबरं तीन दिवसांत आडवी होऊ लागली. वाघोबांनी दवंडी पिटवली. ज्यानं त्यानं आपापल्या बिळात, ढोलीत, जाळीत बसावं. कुठं जमू नये. एकमेकांत सहा हात अंतर ठेवावं. मैदानाचा उतार रिकामा झाला.

कबड्डी मंडळाची तातडीची बैठक भरली.

मंडळाचे अध्यक्ष होते बिबटेराव. ते वाघोबांचे मेहुणे. कबड्डी ते कधी खेळले नव्हते. पण अध्यक्ष झाल्यापासून ते खेळाडूंना खात नसत, म्हणून खेळाडूंमध्ये त्यांच्याविषयी मोठा आदर होता.

सचिव होते साळिंदरपंत. त्यांच्या पाठीवर तीनशे लेखण्या उभ्या असत. कोणी काही विचारलं की पंत एक लेखणी उपटत आणि परिपत्रक काढत.

बैठकीत बिबटेरावांनी समोर पाहिलं. समोर काहीच नव्हतं.

"पंत, मोहाची फुलं कुठंत?"

"नाहीत, साहेब."

"आणि मध?"

"तोही नाही. सामन्याला येणारा प्रत्येक प्राणी ओंजळभर काहीतरी आणायचा. त्यातलं निम्मं मैदानाला, निम्मं बैठकीला. आता प्राणीच येत नाहीत."

बिबटेरावांनी समोरच्या रिकाम्या जागेवरून एकदा पंजा फिरवला. रोग किती गंभीर आहे, हे मंडळाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"सामने झाले पाहिजेत," ते म्हणाले. "जंगलाचं मनोधैर्य टिकलं पाहिजे."

"पण साहेब, कबड्डीत शिवावं लागतं. सहा हात अंतर ठेवून शिवायचं कसं?"

"ते तुम्ही बघा. लेखण्या कशाला वाढवल्यात?"

पंतांनी लेखणी उपटली आणि परिपत्रक क्रमांक अकरा लिहिलं. ते असं :

'सामने सायंकाळी, सावल्या लांब झाल्यावर खेळवावेत. खेळाडूंनी परस्परांत सहा हात अंतर राखावे. एकाच्या सावलीस दुसऱ्याची सावली लागल्यास स्पर्श झाला असे समजण्यात येईल. सामना सुरू असताना खोकणाऱ्यास त्याच्या संघासह बाद करून चौदा दिवस काटेरी कुंपणात ठेवण्यात येईल.'

मंडळानं ते एकमतानं मंजूर केलं.

राहिला प्रश्न ओंजळीचा. त्यासाठी अस्वलशेठ पुढं आले. अस्वलशेठ मधातला काढा विकत. खोकल्यावर तो लागू पडतो असं ते स्वतः सांगत. त्यांनी मंडळाला रोज दोन पोळी मध देऊ केला. बदल्यात मैदानावर सगळीकडे काढ्याचे बुधले टांगायचे.

"आणि घरात बसलेल्यांपर्यंत सामना पोचवायचा," अस्वलशेठ म्हणाले. "दर चढाईनंतर माझ्या काढ्याचं नाव."

म्हणून पोपट नेमले. एक पोपट मैदानाच्या कडेला, दुसरा पुढच्या झाडावर, तिसरा त्याच्या पुढच्या. पहिला बघून बोले, दुसरा ऐकून बोले. अशी साखळी थेट पल्याडच्या डोंगरावरच्या बेहड्यापर्यंत गेली. एकूण पोपट त्र्याऐंशी. पहिल्या पोपटाचा शब्द शेवटच्या पोपटाच्या चोचीत यायला पंचवीस श्वास लागत. पण घरात बसलेल्याला घाई कुठं असते?

"एक अडचण आहे," अस्वलशेठ डोकं खाजवत म्हणाले. "मैदान फार शांत आहे हो. शांत मैदानावर काढा खपत नाही. गर्दी पाहिजे."

"गर्दीला बंदी आहे."

"मग गर्दीसारखं काहीतरी करा."

मंडळानं गवताचे चारशे प्राणी करून उतारावर बसवले. लांबून ते हुबेहूब दिसत. जवळून गवत दिसत. पहिल्याच सामन्याच्या मध्यंतरात भेकर संघानं त्यातले दोन प्रेक्षक खाल्ले. पंतांनी ताबडतोब लेखणी उपटली आणि 'प्रेक्षकांशी गैरवर्तन' याबद्दल भेकरांना ताकीद दिली.

आता गवत ओरडत नाही. म्हणून साळुंक्या बोलावल्या. साळुंकी कुठलाही आवाज जसाच्या तसा काढते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पन्नास साळुंक्यांचा थवा पिंपळावर बसवला. त्यांची मुख्य होती मंजुळाबाई. तिनं गेल्या वर्षीचा अंतिम सामना पहिल्या चढाईपासून शेवटच्या चढाईपर्यंत ऐकला होता. टाळ्या, शिट्ट्या, हुर्यो, सगळं तिला पाठ होतं. तिनं ते बाकीच्यांना शिकवलं.

पहिल्या संध्याकाळी साळुंक्यांनी गर्दी सुरू केली तेव्हा कासवअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आले रे सगळे," ते म्हणाले. त्यांना खरंच वाटलं. कोणी त्यांना सांगितलं नाही.

आणि मग अण्णांनी पाय वर केला.

"गुण कोणाचा?"

"दातेरी! दातेरी! दातेरी!" पिंपळ गरजला.

मुलांनो, तो सामना सांबर आणि भेकर यांच्यात होता. दातेरी संघ त्या वेळी आपल्या जाळीत घोरत होता.

पण कौल तो कौल. अण्णांनी पाय टेकला आणि गुण दातेरी संघाला दिला. साळुंक्यांना गेल्या वर्षी ऐकलेला एवढाच कौल ठाऊक होता. त्या संध्याकाळी रानडुकरांनी झोपेत एकोणीस गुण मिळवले. इतका चांगला खेळ त्यांनी जागेपणी कधी केला नव्हता.

सगुणा दुसऱ्या दिवशी पंतांकडे गेली. सहा हातांवर उभी राहिली.

"पंत, साळुंक्यांना आमचं नाव येत नाही."

"तक्रार लेखी द्या."

"मला लिहिता येत नाही."

"मग तक्रार नाही." पंतांनी लेखणी पुन्हा पाठीत खोचली. "हे बघा ताई, कौल जनतेचा असतो. मंडळ त्यात पडत नाही."

"पण उतारावर जनताच नाही ना. गवत आहे."

"गवत म्हणू नका. नोंदणीकृत प्रेक्षक आहेत ते. तुम्ही दोन खाल्लेत."

सगुणा पिंपळाखाली गेली. मंजुळाबाई चोच साफ करत होती.

"मंजुळाबाई, आमचं नाव शिका की. भेकर. केवढंसं नाव आहे."

"शिकले असते गं. पण आम्ही एकटीदुकटीचं ऐकून शिकत नाही. गर्दी ओरडली पाहिजे, तेही सामन्यात. तुझ्या नावानं गर्दी कधी ओरडली का?"

"नाही."

"मग आमच्या गळ्यात यायचं कुठून? आम्ही मनाचं काही बोलत नाही, बाई. तेवढं इमान आहे आमच्यात."

सामने चालू राहिले. सांबरांचे चार गडी खोकल्यानं पडले. वानरांना सहा हात अंतर ठेवणं जमेना. ते एकमेकांच्या पाठीवर बसूनच मैदानात आले आणि बाद झाले. असे एकेक संघ गळत गेले. अंतिम सामन्याला दोनच उरले, दातेरी आणि भेकर.

भेकर कसे उरले? सावलीचे सगळे गुण जात होते. पण दमाचे गुण कोणाला काढून घेता येत नव्हते. रानडुकरं मंडळानं पाठवलेल्या मधावर इतकी सुटली होती की चार पावलांत त्यांचा दम तुटे. तो अण्णांना कानांनी ऐकू येई. तिथं कौल लागत नसे.

अंतिम सामन्याच्या आधी भिकोबा ससा सगुणेच्या जाळीपाशी आला. भिकोबा तिचा शेजारी. गेल्या उन्हाळ्यात सशांनीही तोच चिखल प्यायला होता.

"सगुणाताई, आम्ही रोज पोपटांचं ऐकतो. चीड येते. कौल आमचा आणि ओरडतात त्या साळुंक्या?"

"मग काय करता?"

"आम्ही घरातून ओरडतो. घरातून ओरडायला बंदी नाही. परिपत्रक वाचून घेतलंय मी घोरपडीकडून. सगळं जंगल एकदम ओरडलं तर पन्नास साळुंक्यांचं काय चालतंय?"

सगुणेनं कान टवकारले. मग तिनं विचारलं, "ओरडतील सगळे?"

"ओरडतील म्हणजे? ससे, मुंगसं, सांबरं, मोर, सगळ्यांशी बोललोय. मंडळानं आधी कळून बंदी घालू नये म्हणून फक्त एकदाच ओरडायचं. शेवटच्या चढाईच्या कौलाला. पोपट म्हणाला की कौल मागितलाय, की लगेच भेकर, भेकर."

"लगेच?"

"लगेचच. म्हणजे..." भिकोबानं कान खाजवला. "बेहड्यावरच्या मोरांचं एक म्हणणं आहे. शेवटचा पोपट त्यांच्याकडे. ते म्हणाले, आमच्यापर्यंत बातमी यायच्या आत तुम्ही ओरडलात तर तो तुमचा कौल झाला, आमचा नाही. रीतीनं सगळ्यांचा एकदम पाहिजे. मग असं ठरलं, की शेवटच्या पोपटानं सांगितलं की बेहड्यावरची टिटवी ओरडेल, आणि तिची खूण ऐकून सगळे."

"बरं," सगुणा म्हणाली. तिनं आपल्या पाडसाकडे पाहिलं. ते झोपलं होतं. "बरं झालं. मोरांनासुद्धा सांगा, सगुणेनं आभार मानलेत म्हणून."

तिनं पोपट मोजले नाहीत. कोणीच मोजले नाहीत. आपल्या बाजूनं एवढे जण उभे असताना मोजायचं कोणाला सुचतं?

अंतिम सामन्याची संध्याकाळ आली. सावल्या लांब पडल्या. काढ्याचे बुधले वाऱ्यावर हलत होते. बिबटेराव उंच खडकावर बसले होते. त्यांच्या शेजारी अस्वलशेठ आणि दोन पोळी मध. साळुंक्यांनी गर्दी सुरू केली.

दातेरी संघाचे कप्तान होते दंतूशेठ. सुळे वळलेले, पोट जमिनीला टेकलेलं. मैदानात आल्या आल्या ते सगुणेला म्हणाले, "काय बाई, यंदा पाडस किती?"

"एक."

"एकाला पुरेल पाणी. आम्ही फार नाही हो लोळत. सकाळचे चारपाच तास."

दातेरी गडी हसले. त्यातल्या दोघांना हसतानाच धाप लागली.

सामना तुंबळ झाला. सावलीचा प्रत्येक गुण पिंपळानं दातेरी संघाला दिला. दमाचा प्रत्येक गुण अण्णांच्या कानांनी भेकरांना दिला. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा गुण होते एकवीस आणि एकवीस. एक चढाई उरली होती. ती भेकरांची होती.

सगुणा मध्यरेषेवर आली. तिनं खोल श्वास घेतला.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

दंतूशेठ सहा हात सोडून दहा हात मागं सरकले. त्यांनी आपली सावली पोटाखाली ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पण एवढी सावली पोटाखाली मावते कुठं? सगुणा डावीकडे झुकली. दंतूशेठ उजवीकडे वळले. तेवढ्यात तिनं उडी मारली. तिची बारीक, लांब सावली मैदानावरून सरकली आणि दंतूशेठच्या सुळ्याच्या सावलीवर पडली. नुसती लागली नाही, आरपार गेली. मग एकाच झेपेत ती मध्यरेषेवर परत आली. दम तुटला नव्हता.

कडेचा पोपट इमानदार होता. तो ओरडला, "सगुणेची सावली थेट दंतूशेठच्या सुळ्यावर! अण्णांनी पाय वर केला! कौल मागितला, गुण कोणाचा! अस्वलशेठचा काढा, घशाला गोड!"

दुसऱ्या पोपटानं ते उचललं. मग तिसऱ्यानं. बातमी झाडाझाडांवरून निघाली.

पिंपळ मात्र मैदानातच होता.

"दातेरी! दातेरी! दातेरी!"

सगुणेनं जंगलाकडे कान लावले. जंगल गप्प होतं. सतरावा पोपट अजून बोलत होता, आणि जवळच्यांचे कान फक्त टिटवीच्या खुणेकडे होते.

"ओरडा ना," ती पुटपुटली. "अहो, ओरडा ना."

अण्णांनी क्षणभर वाट पाहिली. त्यांना गर्दीच्या आवाजात काहीतरी कमी वाटलं असावं. मग त्यांचा पाय हळूहळू खाली आला आणि टेकला.

"गुण दातेरी संघाचा."

सगुणेला राहवलं नाही. जिवाच्या आकांतानं ती ओरडली. आता भेकराचं ओरडणं तुम्ही कधी ऐकलंय का? ऐकलं नसेल तर सांगतो. ते एकदाच येतं, तुटक येतं, आणि घशातून फुटून येतं.

"भॉक!"

दंतूशेठ ताडकन पुढं सरसावले. "खोकली! अण्णा, ती खोकली!"

"खोकले नाही," सगुणा म्हणाली. "ओरडले. आमचं ओरडणं असंच असतं. पहिल्यापासून असंच आहे."

"वा! खोकला झाला की सगळे असंच म्हणतात."

"अण्णा, खोकला यांच्या गड्यांना आहे. दोघं मघापासून धापा टाकतायत."

खडकावरून पंतांनी परिपत्रक क्रमांक अकरा वाचून दाखवलं. खोकणाऱ्यास संघासह बाद. चौदा दिवस कुंपण. एका गुणाचा प्रश्न आता राहिला नव्हता.

अण्णांनी मान वळवली. एकशे बारा वर्षांत त्यांनी असा आवाज पुष्कळदा ऐकला होता. पण जंगलात खोकला शिरल्यापासून त्यांना स्वतःच्या कानांचीही शंका येऊ लागली होती. त्यांना वाटलं, जनतेलाच विचारावं. एवढी मोठी गोष्ट आपण एकट्यानं ठरवू नये. भल्या माणसाला शेवटी असंच वाटतं.

त्यांनी उजवा पाय वर केला.

"नियम कोणी मोडला?"

साळुंक्या चपापल्या. गेल्या वर्षी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांच्या गळ्यात याचं उत्तरच नव्हतं. पन्नासच्या पन्नास चोची मिटल्या. मैदानावर इतकी शांतता पसरली, की अस्वलशेठांच्या तोंडातला मध ऐकू आला.

सगुणेनं मान वर केली. कोणी ओरडलं नाही, तर कौल नाही. कौल नाही, तर दोष नाही. तेवढं तिला कळत होतं. तिनं श्वास धरला.

दूर बेहड्यावर त्र्याऐंशीव्या पोपटानं आपलं वाक्य संपवलं. टिटवी ओरडली.

आणि जंगल उठलं.

बिळांतून, ढोल्यांतून, कपारींतून, घरट्यांतून आवाज आला. कित्येक आठवडे दाबून धरलेला आवाज होता तो. ससे ओरडले, मुंगसं ओरडली. आजारी सांबरं अंथरुणावरून ओरडली. बेहड्यावरचे मोर सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. झाडांची पानं हलली. गवताचे बरेच प्रेक्षक उतारावरून घरंगळले.

"भेकर! भेकर! भेकर! भेकर!"

कासवअण्णांचा चेहरा उजळला. इतका खरा, इतका एकमुखी कौल त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनी पाय टेकला.

"भेकरांनी नियम मोडला. भेकर संघ बाद."

सगुणा काही बोलली नाही. बोलली असती तर पुन्हा खोकली म्हणाले असते.

बिबटेराव उभे राहिले आणि त्यांनी भाषण केलं. "आज या जंगलातल्या जनतेनं," ते म्हणाले, "घरात बसून, अंतर राखून, एकही नियम न मोडता न्याय केला. याला म्हणतात जागरूक प्रेक्षक." पोपटांनी ते भाषण शब्दाशब्दानं पुढं नेलं.

घराघरांत लोक आधी टाळ्या वाजवत होते. मग पुढची बातमी आली. टाळ्या जिथं होत्या तिथं थांबल्या. काही ठिकाणी त्या थोडा वेळ चालू राहिल्या, कारण तिथं बातमी उशिरा पोचली.

सगळ्या भेकरांना चौदा दिवस काटेरी कुंपणात ठेवलं. पाडसांना पण. नियमात पाडसांचा वेगळा उल्लेख नव्हता, आणि उल्लेख नसेल तर दया करता येत नाही, असं पंत म्हणाले. दातेरी संघानं पहिलं पाणी घेतलं. दंतूशेठ म्हणाले होते चार-पाच तास. पण ते दिवस जरा कडक उन्हाचे होते, त्यामुळे दुपारपर्यंत कोणी उठलंच नाही आणि कुंपणात पोचला तो चिखलच.

मंडळासाठी पाणी पहाटेच दुधी भोपळ्यांतून काढून ठेवलेलं असे. ते स्वच्छ होतं.

पंधराव्या दिवशी कुंपण उघडलं. भेकरं बाहेर आली. आत गेली होती तेव्हा सव्वीस होती. बाहेर आली तेव्हा बावीस. सगुणेचं पाडस त्या बावीसांत होतं, पण त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. ती त्याला पुढं घालून चालू लागली. डोंगरापलीकडे एक झरा असल्याचं तिनं आजीकडून ऐकलं होतं. आहे की नाही ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

वाटेवर भिकोबा ससा उभा होता. सहा हात सोडून. त्याचा घसा अजून बसलेला होता.

"सगुणाताई," तो म्हणाला, "तुमच्यासाठीच ओरडलो हो आम्ही."

सगुणा थांबली.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "फार छान ओरडलात."

"मोर म्हणाले, पुढच्या वर्षी आणखी मोठ्यानं ओरडू."

"बरं."

तिनं पाडसाला हळूच ढकललं आणि ती डोंगराकडे निघाली. बाकीची भेकरं तिच्यामागं. कोणी मागं वळून पाहिलं नाही.

यथावकाश खोकला गेला. बंदी उठली. प्राणी आनंदानं मैदानाकडे धावले. उताराच्या पायथ्याशी त्यांना पंत दिसले. त्यांच्या हातात परिपत्रक क्रमांक बारा होतं. त्यात लिहिलं होतं, की गेल्या हंगामातील कौल समाधानकारक आढळल्याने जनतेने यापुढेही आपापल्या घरूनच ओरडावे.

प्राण्यांनी ते घोरपडीकडून वाचून घेतलं. काही कुरकुरले. मोरांनी सभा घ्यायचं ठरवलं. मग संध्याकाळ होत आली, पोपट बोलू लागले, आणि सुरुवात चुकू नये म्हणून सगळे घाईघाईनं घरी गेले.

तात्पर्य : अन्यायाविरुद्ध आवाज जरूर उठवावा. मात्र तो घरात बसून, सर्वांना बरोबर घेऊन आणि थोडा उशिरा उठवावा. मंडळाची फार सोय होते.